‘तक्रार मागे घ्या, भावाची सोय करतो’

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका एका जिल्ह्याच्या गावी शिवणकाम करतात. त्यांचा २३ वर्षांचा धाकटा भाऊ मोटारसायकल चोरीच्या गुन्ह्यात १४ महिन्यांपासून मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी आहे. पन्नास जणांच्या बराकीत एकशेतीस माणसं, रात्री वापरायला तीन संडास आणि त्यातला एक कायम तुंबलेला. भावाची जागा संडासाच्या दाराशी. अंगभर खरूज, एकदा मलम मिळालं, पंधरा दिवसांत खाज परत आली. अडीच महिन्यांपूर्वी बहिणीने राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार पाठवली आणि आयोगाने कारागृहाकडून अहवाल मागवला. त्यानंतर कारागृहात भावाच्या भेटीला, म्हणजे मुलाखतीला, गेल्यावर एका अधिकाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं, ‘तक्रार मागे घ्या, त्याला चांगल्या बराकीत टाकतो. नाहीतर लांबच्या जेलला जाईल.’ भाऊ म्हणतो, ताई, मिटव. काका म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. ओळखीचे वकील म्हणतात, दोन लाख भरपाई मागा आणि मग मिटवा. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे : ‘जामीन सहा महिन्यांपूर्वी मंजूर झालाय, पण २५ हजारांचा जामीनदार मिळाला नाही.’ त्यांचा प्रश्न : मिटवावं की लढावं?

तुमचा हात दगडाखाली आहे आणि दगड उचलू शकणारा माणूसच तुम्हाला अट घालतोय. अशा वेळी ‘घाबरू नका, लढा’ असं दुरून सांगणं फार सोपं असतं. भाऊ रात्री त्या दाराशी झोपतो, सल्ला देणारे झोपत नाहीत. त्यामुळे त्याचं ‘मिटव’ हे म्हणणं भित्रेपणाचं समजू नका. ते या प्रकरणातलं सगळ्यात वजनदार मत आहे.

पण तुम्ही ‘मिटवणं’ आणि ‘मागे घेणं’ हे एकच धरून चाललाय. तिथे थोडं थांबू या. तक्रार मिटते ती गोष्ट दुरुस्त झाल्यावर. मागे घेतली जाते तेव्हा दुरुस्ती झालेलीच असते असं नाही. तुम्हाला देऊ केलेल्या सौद्यात पहिल्यांदा तुमचा कागद जाणार आहे आणि त्यानंतर त्यांचा शब्द येणार आहे. हा क्रम उलटा करता आला, तर मिटवायला माझी काहीच हरकत नाही.

आयोगाचं काम कसं चालतं हे माहीत असलं की हा क्रम उलटा करता येतो. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. त्याच्या कलम १७ नुसार आयोग आधी संबंधित खात्याकडून अहवाल मागवतो. अहवाल पाहून आयोगाला वाटलं की पुढच्या चौकशीची गरज नाही, किंवा योग्य ती कारवाई ‘सुरू झाली आहे किंवा केली गेली आहे’, तर तो तक्रारीत पुढे जात नाही आणि तक्रारदाराला तसं कळवतो. म्हणजे आपापसांत निवारण व्हायला कायद्यात जागा आहे. गोम आहे ती ‘सुरू झाली आहे’ या शब्दांत. ‘संडास दुरुस्तीबाबत सार्वजनिक बांधकाम विभागास पत्र दिले आहे’ हे वाक्यसुद्धा कारवाई सुरू झाल्याचंच वाक्य आहे. संडास मात्र तुंबलेलाच असतो.

प्रकरणं बंद पडतात ती आणखी दोन वाटांनी. एक म्हणजे कैद्याचा जबाब. भावाला कार्यालयात बोलावून ‘माझी कोणतीही तक्रार नाही, मी समाधानी आहे’ अशा कागदावर सही घेतली जाते आणि तो कागद अहवालाला जोडला जातो. कोठडीत असलेल्या माणसाने अधिकाऱ्यासमोर केलेल्या अशा सहीची किंमत किती, हे आयोगालाही कळतं. पण त्यावर कोणी बोट ठेवलं नाही, तर फाईल त्या सहीवरच बंद होते. दुसरी वाट तुमच्या हातातली आहे. आयोग कारागृहाचा अहवाल तुम्हाला पाठवून त्यावर तुमचं म्हणणं मागवू शकतो. ते पत्र मिळालं नाही, पत्ता बदलला, किंवा ‘आता काय लिहायचं’ म्हणून राहून गेलं, तर तुम्हाला काही म्हणायचं नाही असं धरलं जातं. म्हणून तक्रारीवरचा पत्ता आणि मोबाईल नंबर चालू आहे ना, हे आजच पाहा. अहवाल आला की मुदतीच्या आत, एक पान का होईना, उत्तर गेलंच पाहिजे.

एक गोष्ट त्या अधिकाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल. तुम्ही तक्रार मागे घेतली म्हणून आयोगाचे हात बांधले जात नाहीत. कलम १२ नुसार आयोग स्वतःहूनही चौकशी करू शकतो. त्यामुळे ‘तुमची एक सही झाली की विषय संपला’ हे पूर्णपणे खरं नाही.

आता मिटवायचं तर कशावर? ‘चांगली बराक’ म्हणजे नेमकं काय? तडजोडीतला प्रत्येक शब्द मोजता आला पाहिजे, म्हणून आकडे घेऊ. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत झोपण्यासाठी दर कैद्यामागे ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट जागा धरली आहे. बराकीला जोडलेले संडास दहा जणांमागे एक आणि दिवसा वापरायचे सहा जणांमागे एक. पाणी माणशी दिवसाला १३५ लिटर. ही नियमावली आदर्श आहे, राज्यावर थेट कायद्यासारखी लागू नाही. पण आयोगासमोर किंवा कोर्टासमोर मोजपट्टी म्हणून ती चालते. पन्नासांची बराक या मापाने बांधली असं धरलं, तर ती साधारण १८५ चौरस मीटरची होते. त्यात एकशेतीस जण म्हणजे माणशी १.४३ चौरस मीटर. तीन फूट बाय सहा फुटांची गादीसुद्धा याहून मोठी असते. कुशीवर वळायला शेजाऱ्याला उठवावं लागतं, ते यामुळे. रात्रीचे संडास तेरा हवेत, चालू आहेत दोन.

(बराकीतल्या परिस्थितीवरून लंडनच्या कोर्टात आर्थर रोड जेलची बराक क्रमांक १२ गाजली होती. विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत कोर्टाने त्या बराकीचा व्हिडिओ मागवला आणि नीरव मोदींच्या वेळी भारत सरकारने त्यांना किमान ३ चौरस मीटर मोकळी जागा मिळेल अशी हमी लिहून दिली. मनात आलं की जागा मोजता येते आणि लिहूनही देता येते, एवढं त्यातून घ्यायचं.)

तुमच्या तक्रारीत ‘फार गर्दी आहे, अस्वच्छता आहे’ असं मोघम लिहिलं असेल, तर एक पुरवणी पत्र पाठवा. भावाकडून एवढंच विचारून घ्या : संध्याकाळी बराक बंद करताना गिनती किती लागते, लागोपाठ सात दिवसांची, किती संडास चालू आहेत, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, पंखे किती आणि चालू किती, त्याच्या वाट्याची जागा किती फरशा लांब आणि किती रुंद. हे सगळं तोंडी सांगता येतं. त्यासाठी आत काही लिहून ठेवायची गरज नाही आणि झडतीत काही सापडायची भीतीही नाही.

खरजेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या पत्रात सगळ्यात लवकर सुटू शकणारी आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने हाताळली जाणारी गोष्ट हीच आहे. खरूज किड्यामुळे होते आणि अंगाला अंग लागून पसरते. एकट्याला मलम देऊन ती जात नाही, कारण बाजूचे दोघे त्याला पुन्हा ती देतात. भावाला औषध चुकीचं मिळालं असं नाही, ते एकट्याला मिळालं ही चूक झाली. परमेथ्रिन ५ टक्क्यांचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, जांघेत, नखांखाली लावून ८ ते १४ तास ठेवायचं, मग अंघोळ. साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. एका मोठ्या माणसाला एका वेळी तीसेक ग्रॅम लागतं. छोटी ट्यूब चौघांत वाटली की कोणालाच पुरत नाही. बंद जागेत साथ असेल तर अख्ख्या बराकीवर एकाच दिवशी उपचार करावे लागतात, खाज असो वा नसो. गोळ्यांचा पर्याय डॉक्टर ठरवतील. त्याच दिवशी कपडे आणि पांघरुणं कढत पाण्यात धुवायची. ज्या वस्तू धुता येत नाहीत त्या किमान तीन दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायच्या. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं ठरवू नये. मात्र खाजवून झालेल्या जखमांत पू झाला असेल आणि त्यातच चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली, लघवी कमी किंवा लालसर झाली, तर मूत्रपिंडापर्यंत गोष्ट गेलेली असू शकते. तेव्हा आयोगाच्या पत्राची वाट न पाहता त्याच दिवशी वकिलामार्फत कोर्टात अर्ज.

म्हणून तडजोडीत ‘भावाला औषध द्यावे’ असं लिहू नका. ‘बराकीतील सर्व बंद्यांवर एकाच दिवशी उपचार, आठवड्याने दुसरी फेरी, दोन्हींच्या तारखा आणि संख्या आयोगास कळवणे’ असं लिहा. हे कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात आहे आणि फार खर्चाचंही नाही.

कोणाच्या हातात काय आहे, हे समजून घेतलं की अधिकाऱ्यांशी बोलणंही सोपं होतं. अधीक्षक कोर्टाने पाठवलेल्या कैद्याला ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवू शकत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१.४ टक्के माणसं होती आणि त्यांतले तीन चतुर्थांशाहून जास्त कच्चे कैदी. ही गर्दी अधीक्षकांनी केलेली नाही. बराक बदलणं, तुंबलेला संडास साफ करून घेणं, डॉक्टरांकडे पाठवणं, घरून अंथरूण आणि कपडे घेऊ देणं हे मात्र त्यांच्याच हातात आहे. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे आणि अंथरूण घेता येतं, ही सवलत १८९४ च्या कारागृह कायद्यापासूनची आहे. नवे संडास बांधायचे तर बांधकाम विभाग, डॉक्टरांची पदं भरायची तर शासन, बाहेरच्या रुग्णालयात नेण्याचा आदेश हवा तर कोर्ट. भावाकडून कोणी संडास साफ करून घेत असेल, तर तो वेगळा मुद्दा म्हणून लिहा. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती करता येत नाही. आणि जात पाहून काम दिलं जात असेल, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आहे.

अधिकाऱ्याने चांगली बराक देऊ केली, त्यात एक प्रश्न दडलाय आणि तो तुम्हालाही टोचत असणार. भाऊ हलला की त्या दाराशी दुसऱ्या कोणाचा तरी भाऊ झोपणार. एकशेतीस जणांचा भार तुमच्या शिवणयंत्रावर टाकायचा मला हक्क नाही. पण तक्रारीचे दोन भाग करता येतात : भावापुरता आणि बराकीचा. पहिला भाग सुटला तर तसं प्रांजळपणे लिहा. दुसरा भाग ‘आयोगाने आपल्या अधिकारात पाहावा’ म्हणून तसाच ठेवा. त्यासाठी तुम्हाला हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

आता बदलीची धमकी. ती पोकळ नाही, पण दाखवली तेवढी सोपीही नाही. कच्चा कैदी कोर्टाच्या आदेशाने आत असतो. त्याला दुसऱ्या कारागृहात हलवायला कोर्टाची परवानगी लागते. ती परवानगी हा केवळ शिक्का मारण्याचा प्रकार नाही, तिथे न्यायिक विचार करावा लागतो आणि कैद्याचं म्हणणं ऐकावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं आहे. ते प्रकरण मुंबईतल्या कच्च्या कैद्यांच्या बदलीचं होतं. म्हणून वकिलांना आत्ताच सांगून ठेवा : बदलीचा अर्ज आला तर आमचं ऐकल्याशिवाय निर्णय होऊ नये, अशी विनंती कोर्टापुढे ठेवायची. घर आणि कोर्ट दोन्ही लांब पडतील, मुलाखत बंद होईल आणि आयोगाकडे तक्रार चालू आहे, ही तीन कारणं त्यात असू द्या.

मुलाखतीच्या वेळी जे बोलणं झालं ते आयोगाला कळवायचं का? कळवायचं, पण थंड भाषेत. ‘दि. अमुक रोजी मुलाखतीच्या वेळी मला तक्रार मागे घेण्याबाबत सुचवण्यात आले. माझ्या भावाच्या सुरक्षिततेची नोंद घ्यावी,’ एवढं पुरे. ‘धमकावले’, ‘छळ केला’ असे शब्द आज नकोत. पुढे तसं काही झालं तर त्यांची किंमत राहायला हवी. हे पत्र तक्रार क्रमांक घालून स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून जाऊ द्या आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. दर मुलाखतीची तारीख आणि भाऊ कसा दिसला, हे एका वहीत दोन ओळींत लिहीत चला. त्याला मारहाण झाली तर पुढच्या तारखेला, व्हिडिओवरून हजर केलं तरी, त्याने न्यायाधीशांना स्वतः सांगावं आणि वैद्यकीय तपासणीचा आदेश मागावा. माराचे वळ आठवड्याभरात विरतात. आठवडा उलटून गेल्यावर केलेला अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि पैसे. ‘दोन लाख मागा’ हा सल्ला मला पटत नाही. भरपाई मागणं गैर आहे म्हणून नव्हे. आयोगाला भरपाईची शिफारस करता येते, चौकशी चालू असताना तातडीची अंतरिम मदतही सुचवता येते. घटनेच्या कलम २१ खाली न्यायालयंही भरपाई देतात. निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या रुदल शाह यांना १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकूण ३५ हजार रुपये द्यायला लावले आणि वर दिवाणी दाव्याचा मार्गही मोकळा ठेवला. पण आपल्याकडे पैसे मिळतात ते मुख्यतः मृत्यू, इजा, बेकायदा कोठडी यांसाठी. केवळ गर्दीसाठी मिळाल्याची उदाहरणं विरळ आहेत. इटलीत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये गर्दीबद्दल सरकारला दोषी धरलं, त्यानंतर तिथे कायदाच झाला : अशा जागेत काढलेल्या दर दहा दिवसांमागे शिक्षेत एक दिवस सूट, आणि सुटून गेलेल्यांना दिवसाला ८ युरो. आपल्याकडे तसा दर नाही. शिवाय आजच पैशावर बोलणं आलं की बराकीचं बोलणं मागे पडतं. ‘भरपाईबाबतचा माझा हक्क राखून ठेवत आहे’ हे एक वाक्य पत्रात असू द्या आणि तो विषय भाऊ बाहेर आल्यावर काढा. भरपाई म्हणून कोणी हातात रोख ठेवत असेल, किंवा ‘चांगल्या बराकी’साठी तुमच्याकडे मागत असेल, तर ती लाच आहे. दोन्हीतून दूर राहा.

तडजोड झालीच तर पत्र साधारण असं असावं. अधीक्षकांनी कबूल केलेल्या गोष्टी त्यांच्याच अहवालात लिहून येऊ द्याव्यात आणि त्यावर तुम्ही हे लिहावं :

‘तक्रार क्रमांक ____. कारागृहाच्या दि. ____ च्या अहवालात नमूद केल्यानुसार माझ्या भावास दि. ____ रोजी बराक क्र. ____ मध्ये हलवण्यात आले असून खरजेच्या उपचाराची पहिली फेरी दि. ____ रोजी झाली आहे. दुसरी फेरी आणि बंद संडासाची दुरुस्ती बाकी आहे. या दोन्ही गोष्टी पूर्ण झाल्याचा अहवाल ३० दिवसांत मागवावा व तोपर्यंत प्रकरण प्रलंबित ठेवावे. भावाने कारागृहात दिलेला कोणताही समाधानाचा जबाब मला अथवा त्याच्या वकिलांना भेटू दिल्याशिवाय ग्राह्य धरू नये. भरपाईबाबतचा हक्क राखून ठेवला आहे.’

यात अधिकाऱ्याचा अपमान नाही आणि ‘मागे घेते’ हा शब्दही नाही. अधीक्षकांना हवी असलेली गोष्ट, म्हणजे आयोगाकडे प्रकरण वाढू नये, ही त्यांना यातून मिळू शकते. फक्त काम आधी करावं लागेल.

आता तुमच्या पत्रातल्या त्या शेवटच्या ओळीकडे येते. खरं तर पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. तुमचा भाऊ गेले सहा महिने आत आहे तो गुन्ह्यामुळे नव्हे, जामीनदार नाही म्हणून. बराक बदलून घेण्यासाठी एवढा जीव काढताय आणि दाराची कडी दुसरीकडेच आहे.

जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं. आणि महिन्याभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिले आहेत. तुमच्या बाबतीत सहा महिने गेले. अर्ज करून तीनपैकी एक मागता येतं : रक्कम कमी करा, जामीनदाराऐवजी रोख भरू द्या, किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडा. गरीब कैद्यांच्या जामिनाची रक्कम भरण्यासाठी केंद्राची २०२३ पासूनची योजनाही आहे. त्याची चौकशी प्राधिकरणाच्या कार्यालयातच करा.

आणि याहून भक्कम एक गोष्ट. मोटारसायकल चोरीला, साधी चोरी असेल तर, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. तीन वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे बारा महिने, आणि तुमच्या भावाचे चौदा झाले. याच संहितेच्या व्याख्येत ‘बंधपत्र’ म्हणजे जामीनदाराशिवाय दिलेली हमी, आपल्या भाषेत जातमुचलका. न्यायालय जामीनदार मागू शकतं, पण त्याची कारणं लेखी द्यावी लागतात. हा अर्ज करण्याचं काम कायद्याने अधीक्षकांवर टाकलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ही संहिता येण्याआधीच्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही लागू केलं.

दोन अडचणी आधीच तपासा. भावावर दुसरा एखादा गुन्हा प्रलंबित असेल, तर हे कलम आड येतं. चोरीच्या प्रकरणांत पोलीस एकाच मुलावर चार गाड्यांचे चार गुन्हे लावतात, म्हणून कारागृहाकडून त्याच्यावरच्या सगळ्या केसेसची यादी घ्या. दुसरी, दोषारोपपत्रात ३०३ च्या जोडीला जास्त शिक्षेचं कलम आहे का ते पाहा. घरातून केलेली चोरी असेल तर कमाल सात वर्षं आणि हिशेब बदलतो, तिसरा हिस्सा २८ महिन्यांचा होतो. आरोपीमुळे लांबलेला काळही वजा होतो.

हे करायला दोन लाखांचा वकील लागत नाही. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात लोकअभिरक्षक कार्यालय, म्हणजे आरोपींसाठीच्या मोफत वकिलांचं कार्यालय, असतं, किंवा विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. प्रत्येक जिल्ह्यात प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती आहे. अधीक्षक स्वतः तिचे सदस्य असतात. तेव्हा पुढच्या भेटीत त्यांना तक्रारीबद्दल काही विचारण्याऐवजी हे विचारा : ‘साहेब, भावाचं नाव ४७९ च्या यादीत गेलं का?’ त्यांच्या बराकीतला एक माणूस कमी होणार आहे, ते नाही म्हणणार नाहीत.

ज्यांनी अजून तक्रार केलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं. आयोगाला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं चालतं, नातेवाइकानेही करता येते. निनावी किंवा मोघम तक्रार घेतली जात नाही. घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, म्हणून परिस्थिती चालू असेल तर अगदी अलीकडची तारीख लिहा. राष्ट्रीय आणि राज्य आयोग, दोन्हीकडे एकच तक्रार पाठवू नका. त्यातून एकाकडची बंद पडते. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून परत येऊ नये यासाठी पहिल्याच ओळीत लिहा की ही तक्रार खटल्याबद्दल नसून कोठडीतल्या परिस्थितीबद्दल आहे. बराकीची मंजूर क्षमता आणि अमुक तारखेची प्रत्यक्ष संख्या माहिती अधिकारात मागता येते. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट पुरतं.

पुढच्या मुलाखतीला भावाला तक्रारीचं काय झालं हे सांगायच्या आधी त्याच्याकडून दोन गोष्टी विचारून घ्या : आणखी कुठल्या केसमध्ये त्याला कधी हजर केलं होतं का, आणि आधी कधी शिक्षा झाली होती का. दोन्हीला ‘नाही’ असेल, तर तिथून थेट लोकअभिरक्षक कार्यालयात जा. दोषारोपपत्राची झेरॉक्स आणि जामिनाच्या आदेशाची नक्कल पिशवीत असू द्या.